हरणाचं नाक आणि माणसाचा वास: झाकता येतो का?

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन जणांनी आम्हाला विचारलं, "अहो, आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. मग हरणाच्या शिकारीत माणसाचा वास कसा लपवतात हे ऐकून आम्ही करायचं काय?" प्रश्न रास्त आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हरणाची शिकार हा गुन्हा आहे, आणि तो तसाच राहावा असं आमचंही मत आहे. आजचा विषय अमेरिकेतला आहे, तिथल्या जंगलातला आणि तिथल्या बाजारातलाही. पण त्यातून दोन गोष्टी हाती लागतात. एक, वास म्हणजे नेमकं काय आणि तो हवेतून कसा जातो. दुसरी, विकणारा एखादा दावा करतो तेव्हा तो तपासायचा कसा. या दोन्ही गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत.

एका संध्याकाळची गोष्ट

आम्ही दोघं शिकायला विस्कॉन्सिन राज्यात होतो तेव्हाची गोष्ट. आमचे घरमालक सत्तरीतले गृहस्थ, धनुष्यबाणानं शिकार करणारे. ऑक्टोबरच्या शेवटी एका दुपारी ते आम्हाला नुसते बघे म्हणून बरोबर घेऊन गेले. त्यांची तयारी बघून आम्ही थक्क झालो. आदल्या दिवशी बिनवासाच्या साबणानं अंघोळ. कपडे खाण्याच्या सोड्यात धुतलेले आणि झाडाच्या सुक्या पानांबरोबर पिशवीत बंद केलेले. वरून कोळशाचा थर असलेला महागडा कोट. पायात रबरी बूट, कारण चामड्याला वास असतो. आणि त्या बुटांवर बाटलीतून शिंपडलेलं कोल्ह्याचं मूत! आम्हालाही त्यांनी असंच नखशिखांत तयार केलं.

उताराच्या मध्यावर त्यांचं मचाण होतं, खाली ओढा. तीन तास आम्ही शेजारच्या मचाणावर गप्प बसून होतो. सूर्य टेकडीमागे गेला, एकदम गारवा आला, आणि थोड्या वेळानं ओढ्याच्या बाजूनं एक मादी वर यायला लागली. साधारण ऐंशी पावलांवर ती थबकली. मान वर, नाक वर. मग पुढचा पाय जमिनीवर आपटला, नाकातून जोरात फुस्स असा आवाज काढला, शेपटी उभारली आणि ते पांढरं निशाण फडकवत ती झाडीत नाहीशी झाली.

घरमालक खाली उतरले ते हसतच. म्हणाले, "माझे वडील लोकरी कोट घालून, तंबाखूचा पाइप ओढत शिकारीला जायचे. आणि आमच्या घरी दर हिवाळ्यात मांस असायचं." आम्ही विचारलं, मग त्यांना काय ठाऊक होतं? त्यावर त्यांनी फक्त हवेत बोट फिरवलं. त्या बोटाचा अर्थ समजायला आम्हाला बराच वेळ लागला. आजचं व्याख्यान म्हणजे त्या बोटाचं स्पष्टीकरण आहे असं समजा.

आधी थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या आज अंदाजे तीन कोटी धरली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेसुमार शिकारीमुळे ती काही लाखांवर आली होती. मग नियम आले, हंगाम ठरले, परवाने आले. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाकडे वळवला. आता बऱ्याच ठिकाणी उलटी अडचण आहे. लांडगे, प्यूमा यांसारखे शिकारी प्राणी बहुतेक भागांतून संपलेले, त्यामुळे हरणं जास्त झाली. ती जंगलातली कोवळी रोपं खाऊन टाकतात, आणि वर्षाला दहा लाखांहून जास्त वेळा मोटारींवर आदळतात असा विमा कंपन्यांचा अंदाज आहे. एकट्या विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरच्या नऊ दिवसांच्या बंदुकीच्या हंगामासाठी काही लाख लोक परवाना काढतात.

आता यातली एक गंमत बघा. बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्यांना भडक नारिंगी कपडे घालावे लागतात, म्हणजे एकमेकांना गोळी लागू नये. हरणाला ते दिसत नाही का? दिसतं, पण आपल्याला दिसतं तसं नाही. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या, आपल्या तीन. नारिंगी त्याला मळकट, झाडोऱ्यात मिसळणारा दिसतो. म्हणजे डोळ्याला फसवणं तुलनेनं सोपं आहे. निश्चल बसलात की निम्मं काम झालं. नाकाचं मात्र तसं नाही, आणि म्हणूनच वास लपवण्याच्या वस्तूंचा एवढा मोठा बाजार उभा राहिला: साबण, फवारे, कपडे, वाशेळ्या बाटल्या, ओझोन सोडणारी यंत्रं.

हरणाचं नाक

डब्यांवर छापलेलं असतं, "हरणाचं नाक माणसापेक्षा अमुक हजार पट तीक्ष्ण". असा एकच आकडा सांगण्यात फारसा अर्थ नाही. नाकाची तीव्रता पदार्थागणिक बदलते. काही वास माणसाला कुत्र्यापेक्षाही लवकर येतात असं प्रयोगांत दिसलेलं आहे. पण ढोबळ तुलना करायला एक चांगलं माप आहे, ते म्हणजे वास ओळखणाऱ्या ग्राहींची जनुकं. प्रत्येक जनुक म्हणजे एका प्रकारचं कुलूप समजा, त्यात ठरावीक रेणूंच्या किल्ल्या बसतात. जपानी संशोधकांनी २०१४ साली तेरा सस्तन प्राण्यांची अशी मोजणी प्रसिद्ध केली. माणसाकडे चालू स्थितीतली सुमारे ४०० जनुकं, कुत्र्याकडे सुमारे ८००, गायीकडे जवळपास १२००, आणि आफ्रिकी हत्तीकडे जवळपास २०००. हरीण हे गायीसारखंच रवंथ करणारं, खुरांचं, तिच्या नात्यातलं जनावर. तेव्हा त्याच्या नाकाचा अंदाज करायला गायीचा आकडा उपयोगी पडतो.

शिवाय हरणाचं नाक लांब असतं, आत गुंडाळीसारखी पातळ हाडं असतात, त्यांच्यावर वास ओळखणारं अस्तर पसरलेलं असतं. नाकाचा शेंडा ओला असतो आणि हरीण तो सारखा चाटून ओला ठेवतं. ओल्या पृष्ठभागावर रेणू चिकटतात. म्हणजे जागेची रचना, कुलपांची संख्या आणि सवय, या तिन्ही गोष्टी त्याच्या बाजूनं आहेत.

माणसाचा वास कशाचा बनतो?

आता आपल्याकडे वळू. आपला वास म्हणजे घामाचा वास असं आपण धरून चालतो. खरं तर ताज्या घामाला जवळपास वासच नसतो. काखेतल्या ग्रंथींचा स्राव त्वचेवरचे जिवाणू खातात आणि त्यातून वासाची आम्लं तयार होतात. पायांचा वासही तसाच, जिवाणूंनी केलेला. त्वचेवर स्क्वालीन नावाचं तेलकट द्रव्य असतं, त्याची हवेतल्या ओझोनशी क्रिया होऊन वेगळेच वासाचे रेणू निघतात. दर मिनिटाला त्वचेच्या हजारो मृत पेशी गळून हवेत जातात आणि वास बरोबर घेऊन जातात.

आणि श्वास? तो तर कोणत्याच कोटानं झाकला जात नाही. बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा बाहेर टाकतो. चार तासांच्या बैठकीत ती साधारण दीड हजार लिटर होते. त्यात ॲसिटोन असतं, आयसोप्रीन असतं, दुपारच्या जेवणातला लसूण असतो. वर आपलं अंग गरम असल्यामुळे अंगाभोवतीची हवा तापून सतत डोक्याच्या दिशेनं वर चढत असते. म्हणजे मचाणावर निश्चल बसलेला माणूससुद्धा एखाद्या मंद जळणाऱ्या धुणीसारखा असतो. धूर दिसत नाही इतकंच.

तीन उपाय आणि त्यांची परीक्षा

बाजारातल्या सगळ्या उपायांचे तीन गट करता येतात. वास कमी करणं, वास अडकवून ठेवणं, आणि वास दुसऱ्या वासानं झाकणं. आपण उलट्या क्रमानं जाऊ, कारण झाकण्याची कल्पना सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत लोकप्रिय आहे.

कोल्ह्याचं मूत, स्कंकचा अर्क, देवदाराचं तेल, मातीचा वास, सफरचंदाचा वास. विचार असा, की हरणाला ओळखीचा आणि जोरदार वास आला की माणसाचा वास त्याखाली बुडेल. पटण्यासारखं वाटतं. का पटतं? कारण आपण ते आपल्या नाकानं तपासतो. आपल्या नाकाची एक मर्यादा आहे. ऑस्ट्रेलियात डेव्हिड लेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात प्रयोग केले. लोकांना ओळखीच्या वासांची मिश्रणं हुंगायला दिली आणि त्यात काय काय आहे ते विचारलं. तीन-चारपेक्षा जास्त घटक असले की लोक गोंधळून जात. म्हणजे माणसाच्या नाकासाठी जोरदार वास खरोखरच बाकीच्यांना दडपतो.

पण इतकं असूनही घरातला अनुभव आठवून पाहा. कपाटामागे उंदीर मेलाय आणि कोणीतरी चार उदबत्त्या लावल्या आहेत. काय होतं? उंदीर जात नाही. उदबत्ती अधिक उंदीर असा वास येतो! आपल्या चारशे कुलपांच्या नाकालासुद्धा दोन्ही वेगळे कळतात. मग हजारभर कुलपांच्या नाकाचं काय होत असेल? आपल्याला आमटीचा एक वास येतो, त्याला त्यातली मोहरी, हिंग, कढीपत्ता, आमसूल वेगवेगळं कळतं असं समजायला हरकत नाही. कॉफीत लपवलेले अमली पदार्थ पोलिसांची कुत्री शोधून काढतात ते याच गुणावर. नाक हा तराजू नाही, की या पारड्यात जास्त टाकलं की ते पारडं वर जाईल. नाक ही यादी आहे. यादीत एक नाव वाढवल्यानं आधीचं नाव खोडलं जात नाही.

त्यात आणखी एक फजिती. कोल्हा ओल्या मातीतून, ओढ्याकाठानं जातो. तो झाडावर वीस फूट चढून तीन तास बसत नाही. चुकीच्या जागी आलेला ओळखीचा वास हासुद्धा सावध करणारा असू शकतो.

दुसरा गट, वास अडकवण्याचा. यात कोळशाचे कपडे येतात. सक्रिय केलेल्या कोळशात अतिसूक्ष्म छिद्रं असतात, त्यांच्या भिंतींना वायूचे रेणू चिकटून राहतात. हे विज्ञान खरं आहे. पाण्याच्या फिल्टरमध्ये, गॅस मास्कमध्ये आपण तेच वापरतो. पण छिद्रं भरली की कोळसा निकामी होतो. तो पुन्हा ताजा करायचा तर कारखान्यात कित्येकशे अंश सेल्सिअस तापमान लागतं. घरातलं कपडे वाळवायचं यंत्र फार तर साठ-सत्तर अंशांपर्यंत जातं. तरी बरीच वर्षं जाहिरातीत सांगितलं जायचं, की कोट यंत्रात फिरवा, तो पुन्हा नवा होईल.

यावरून मिनेसोटातल्या काही शिकाऱ्यांनी २००७ साली चक्क कोर्टात दावा लावला. २०१० मध्ये खालच्या न्यायालयानं म्हटलं, की वास "नाहीसा" होतो आणि कपडा "पुनरुज्जीवित" होतो हे दावे सरळसरळ असत्य आहेत. पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयानं तो निकाल फिरवला. मुद्दा शब्दाच्या अर्थावर आला. "नाहीसा होतो" म्हणजे शंभर टक्के, असंच ग्राहक समजतो का? आम्हाला या खटल्यात कोण जिंकलं यापेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. "कमी होतो" आणि "नाहीसा होतो" या दोन क्रियापदांमध्ये सगळा धंदा बसलेला आहे.

प्रत्यक्ष चाचणी झाली का? झाली. जॉन शिविक या अमेरिकी वन्यजीव संशोधकानं २००२ साली ती प्रसिद्ध केली. शोधकार्यासाठी शिकवलेली कुत्री घेतली. माणसं लपवली, काही साध्या कपड्यांत, काही कोळशाच्या. कुत्र्यांना ती शोधायला लागणाऱ्या वेळात कपड्यांमुळे म्हणण्यासारखा फरक पडला नाही. कोणी म्हणेल, कुत्रा म्हणजे हरीण नव्हे, आणि ही कुत्री तर शिकवलेली होती. हरकत मान्य. पण हरीणही जन्मापासून तेच शिकत असतं, आणि चुकलं तर त्याला दुसरी संधी मिळत नाही.

तिसरा गट, वास कमी करण्याचा. बिनवासाचा साबण, सोडा, स्वच्छ कपडे. हा सगळ्यांत प्रामाणिक गट. जिवाणू कमी झाले की वास कमी होतो, हे खरंच आहे. पण किती कमी झाला म्हणजे उपयोग? इथे आपण एक ढोबळ हिशोब करू. समजा वास अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होत जातो. प्रत्यक्षात हवा इतकी सरळ वागत नाही, पण अंदाजाला पुरे. समजा हरणाला आपला वास ३०० मीटरवरून येतो. आपण घासूनपुसून ९० टक्के वास काढला, म्हणजे एक दशांश उरला. मग त्याला तो किती अंतरावर कळेल? दहाचं वर्गमूळ ३.१६. म्हणजे सुमारे ९५ मीटरवर. धनुष्यानं नेम धरायचा तर हरीण २५ मीटरच्या आत यायला हवं. त्यासाठी वास १४४ पटीनं कमी करायला हवा, म्हणजे ९९ टक्क्यांहून अधिक काढायला हवा. आणि श्वास तर चालूच आहे. आमच्या घरमालकांची मादी ऐंशी पावलांवर थांबली होती ते आठवा.

ओझोनच्या यंत्रांबद्दल एकच सांगतो. माणसाला सुरक्षित इतक्या प्रमाणात ओझोन बऱ्याचशा वासांवर परिणाम करत नाही, आणि परिणाम होईल इतका सोडला तर तो फुप्फुसांना बाधतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं घरातल्या अशा यंत्रांबद्दल हा इशारा दिलेला आहे.

वाऱ्याचं बोट

आता त्या हवेत फिरवलेल्या बोटाकडे येऊ. वास प्रकाशासारखा चारही बाजूंना जात नाही. तो वाऱ्याबरोबर जातो, धुराच्या सोटासारखा एका बाजूला, पुढे रुंदावत. त्या सोटाच्या आत असलेल्या हरणाला तुम्ही कितीही धुतलेले असलात तरी कळता. सोटाच्या बाहेर दहा पावलांवर उभ्या असलेल्या हरणाला पाइप ओढणारा म्हाताराही कळत नाही. त्या वडिलांचं रहस्य एवढंच होतं. वारा हरणाकडून आपल्याकडे येईल अशी जागा धरायची, आणि तशी जागा मिळत नसेल तर त्या दिवशी घरी बसायचं.

पण वारा म्हणजे फक्त हवामानखात्याचा वारा नव्हे. डोंगराळ भागात उताराचा स्वतःचा वारा असतो. सकाळी ऊन पडलं की उतार तापतो, त्याला लागून असलेली हवा हलकी होते आणि वर चढते. संध्याकाळी ऊन गेलं की जमीन गार पडते, हवा जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून खाली घरंगळते, ओढ्यात साठते. आम्ही बसलो होतो उताराच्या मध्यावर, खाली ओढा. दुपारी सगळं ठीक होतं. सूर्य टेकडीमागे गेला आणि गारवा आला असं मघाशी सांगितलं ना, त्या क्षणी आमचा वास ओढ्याकडे वाहायला लागला. मादी ओढ्याकडूनच येत होती. कोट, सोडा, कोल्हा, सगळं तिच्या पुढ्यात आम्ही स्वतःच नेऊन ठेवलं.

मंद वारा ओळखायचा कसा? बरेच शिकारी पावडरची छोटी बाटली दाबून पाहतात. पण त्याहून चांगली एक वस्तू तिकडे वापरतात. मिल्कवीड नावाच्या झाडाच्या बोंडातला रेशमी कापूस. एक तंतू सोडायचा आणि तो कुठे जातो ते नजरेनं शंभर पावलांपर्यंत बघत राहायचं. पावडर विरून जाते, हा तंतू दिसत राहतो. झाडाला लागून वारा वळतो, खळग्यात फिरतो, अचानक खाली बुडी मारतो, ते सगळं दिसतं. हे झाड आपल्या रुईच्या कुळातलं. लहानपणी आपण ज्या म्हाताऱ्या फुंकरीनं उडवायचो ना, तेच काम! फुकटची वस्तू, आणि दुकानातल्या कुठल्याही बाटलीपेक्षा जास्त खरं सांगणारी.

जिम कॉर्बेट यांनी कुमाऊंतल्या नरभक्षक वाघांबद्दल एक सुंदर निरीक्षण नोंदवलेलं आहे. माणसाला वास येत नाही हे वाघाला ठाऊक नसतं. त्यामुळे तो माणसाचीही शिकार रानातल्या जनावरासारखीच करतो, म्हणजे वारा आपल्याकडे येईल अशा बाजूनं. कॉर्बेट त्याचा उपयोग करून धोका कुठल्या बाजूला जास्त ते ठरवत. वाघाकडे कोळशाचा कोट नाही. त्यालाही वाराच सांभाळावा लागतो.

यात पणाला काय लागतं?

एवढं ऐकून कोणी म्हणेल, लोक हौसेनं पैसे घालवतात, घालवू देत. पण यात दोन गोष्टी पणाला लागतात.

पहिली, जखमी जनावर. कोट घातलाय म्हणजे वाऱ्याची चिंता नाही, असं वाटणारा माणूस चुकीच्या जागी बसतो. हरीण सावध होतं, अंग आखडतं. तरी तो घाईनं लांबचा बाण सोडतो. प्रत्यंचेचा आवाज येताच सावध हरीण खाली दबतं आणि बाण भलतीकडे लागतो. ते जनावर तडफडत मैलभर जातं आणि कदाचित सापडतही नाही. शिकारीचं समर्थन करणारे प्रामाणिक शिकारीसुद्धा याला पाप मानतात. म्हणजे खोटा भरवसा हा नुसता पैशाचा तोटा नाही.

दुसरी गोष्ट रोगाची. वास झाकायला किंवा नर बोलवायला हरणाचंच मूत बाटलीतून विकलं जातं. ते पाळलेल्या हरणांच्या गोठ्यांतून जमवतात. आता, १९६७ साली कोलोराडोत प्रथम दिसलेला एक रोग हरणांमध्ये पसरतो आहे. त्यात मेंदू सच्छिद्र होत जातो, जनावर झुरून मरतं. विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ साली आढळला. तो प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो. ते उकळून मरत नाही, मातीत वर्षानुवर्षं टिकतं आणि आजारी हरणाच्या मुतातही सापडतं. म्हणून व्हर्जिनियानं २०१५ साली आणि व्हर्मांटनं २०१६ साली खऱ्या मुताच्या बाटल्या शिकारीत वापरायला बंदी केली. म्हणजे मुळात फारसं काम न करणारी वस्तू, आणि ती एका राज्याचा रोग दुसऱ्या राज्याच्या मातीत शिंपडू शकते.

शेवटी काही प्रश्न

व्याख्यानानंतर श्रोत्यांनी विचारलेले तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

"मग साबण, सोडा सगळं फुकटच का?" तसं नाही. वारा अनुकूल असेल आणि कडेकडेनं थोडाच वास जात असेल, तर तो आणखी कमी केल्याचा फायदा होतो. रबरी बुटांमुळे पायवाटेवर कमी वास राहतो. पण हा क्रमातला दुसरा उपाय आहे. पहिला वारा. दुसरा पहिल्याच्या जागी बसवला की घोटाळा होतो.

"हरीण माणसाच्या वासाला इतकं घाबरतं, तर तिकडे ती लोकांच्या परसबागेत फुलं खायला कशी येतात?" फार चांगला प्रश्न. माणसाचा वास म्हणजे भीती असं त्यांच्या नाकात कोरलेलं नसतं, ते शिकलेलं असतं. जिथे माणसाच्या वासाबरोबर कधीच काही वाईट घडत नाही, तिथे तो वास म्हणजे नुसती बातमी असते. जिथे शिकार होते तिथे तो धोक्याचा इशारा होतो. आणि जागा बदलली की अर्थ बदलतो. रस्त्यावरचा माणूस रोजचाच, झाडावरचा माणूस नवा. हरणापासून वास लपवता येत नाही, पण त्या वासाचा अर्थ काय, हे आपल्या वागण्यावरून ठरतं.

"आम्ही बुद्धपौर्णिमेला ताडोबात पाणवठ्यावर मचाणावर बसतो, प्राण्यांची नोंद करायला. आम्हाला यातलं काय लागू पडतं?" बरंच. अत्तर, सुगंधी पावडर, डास पळवणारी अगरबत्ती टाळा. तुमच्या अंगाचा वास झाकायचा नाहीये, त्यात आणखी एक नाव वाढवायचं नाहीये. मचाणाची जागा वनखातं ठरवतं, ती तुमच्या हातात नाही. पण वाऱ्याची दिशा लिहून ठेवणं तुमच्या हातात आहे. नोंदवहीत प्राण्यांबरोबर दर तासाला वारा कुठून आला तेही लिहा. पहाटे तुम्ही म्हणाल, "रात्रभर सांबर आलंच नाही." त्या वेळी तो रकाना बघा. कदाचित सांबर आलं होतं, पाणवठ्याच्या पलीकडच्या झाडीत थांबलं होतं, तुमची बातमी घेऊन परत गेलं होतं. ज्या रात्री वारा पाणवठ्याकडे वाहत होता त्या रात्रीची कमी नोंद म्हणजे कमी प्राणी असं धरता येत नाही. मोजणी खरी करायची तर एवढा एक रकाना वाढवायला खर्च काहीच नाही.

वेळ संपत आली आहे. येताना आम्ही रुईची दोन बोंडं आणली आहेत, ती दाराशी टेबलावर ठेवली आहेत. जाताना एकेक म्हातारी घेऊन जा आणि उद्या संध्याकाळी आपल्या गच्चीवरून सोडून बघा, हवा कुठे जाते.